ठरावानंतरचा दुसरा चहा

आमच्या कॉलनीचं जीवनमान उंचावायचं ठरलं, तेव्हा ते तसं बरं चाललं होतं. पाणी टँकरचं होतं, रस्ता मुरुमाचा होता, पावसाळ्यात रिक्षावाला आत यायला नाही म्हणायचा, पण माणसं सुखात होती. मग एकेक करून पुरुष निवृत्त झाले आणि आमच्या सुखाला दृष्ट लागली.

नोकरीत असताना ज्यांना टेबलावरची फाईल शेजारच्या टेबलावर सरकवायला पंधरवडा लागायचा, ते निवृत्त होताच समाजसेवक झाले. बीड बायपासच्या पलीकडची आमची वस्ती. कुणी पाटबंधारे खात्यातून आलेलं, कुणी बँकेतून, कुणी कॉलेजातून. बहुतेकांची मुळं गावाकडे, शेती भावाकडे नाहीतर बटईने दिलेली. घरात करमत नाही, बायको स्वयंपाकघरात फिरकू देत नाही, मग माणसाने करायचं काय? तर समिती काढायची. अध्यक्ष झाले एक निवृत्त अभियंता, कारण त्यांना मधल्या खुर्चीची सवय होती. आभार मानायला एक प्राध्यापक होते. आणि सचिव म्हणजे आमचे हे. यांना भाजी कुठली आणायची तेसुद्धा मला विचारल्याशिवाय ठरवता येत नसे, पण कॉलनीच्या भवितव्याचा विषय निघाला की यांचा हात सगळ्यात आधी वर.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पोरांचा गोंधळ मला कळतो, त्यात काही जीव असतो. म्हाताऱ्या पुरुषांचा गोंधळ मात्र मला आजतागायत सहन झालेला नाही.

समितीचं पहिलं काम म्हणजे बॅनर. दुसरं काम श्रमदान. दर रविवारी सकाळी सगळे पांढऱ्या टोप्या घालून मोकळ्या जागेत जमायचे. बॅनर धरायला दोघं लागत, फोटो काढायला एक, आणि तो नीट आला का ते बघायला बाकीचे. खराटे नवेकोरे आणले होते. मी स्वतः पाहिलं, एकाने खराट्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. फोटो झाला की यजमान मंडळी गप्पा मारत उभी राहायची आणि त्यांच्याबरोबर आलेल्या घरोघरच्या कामवाल्या बाया खरोखरीचं झाडायच्या. आमच्या ह्यांनी एकदा आमच्या कामवालीला चलते का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिला रविवारची सुट्टी आहे, तुम्हाला रोजचीच आहे, तुम्ही झाडा. त्या दिवशी हे पाठ दुखते म्हणून घरीच राहिले.

मग त्याच मोकळ्या जागेत बाग करायची म्हणून वृक्षारोपण झालं. प्रत्येक रोपाशेजारी ते लावणाऱ्याच्या नावाची लोखंडी पाटी. रोपं लावून सगळे घरी गेले ते पाणी घालायला परत आलेच नाहीत. उन्हाळ्यात टँकरचं पाणी पिंपात भरून ठेवणारी माणसं आम्ही, झाडाला कोण घालणार? एवढं होऊन पाट्या जगल्या आणि रोपंही जगली, याचं कारण समिती नव्हती. याचं कारण मावशी होती.

मावशी म्हणजे बागेच्या गेटाशी निंबाखाली चहाची टपरी होती ती चालवणारी बाई. वयाने ती आम्हा सगळ्यांपेक्षा लहान, पण चहा देणाऱ्या बाईला मावशी म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे, त्यात नातं काही नसतं. मूळची ती पिशोरकडची, एका धनगरवाडीतली. नवरा मेंढ्या घेऊन वर्षातले कितीतरी महिने जालन्याच्या बाजूला रानोमाळ फिरायचा. एका साली तो परतला तो आजार घेऊनच, आणि गेला. दिरांनी मेंढ्या विकल्या. ही लेकीला घेऊन शहरात आली. मी नोकरीला लागले तीच मुळी पिशोरच्या शाळेत, त्यामुळे तिच्याशी माझं लगेच जमलं. संध्याकाळी मी तिच्या टपरीच्या आत, रॉकेलच्या जुन्या डब्यावर जाऊन बसायची. ती आलं ठेचायची, मी आयते दोन शब्द टाकायची.

ती आपण होऊन आमच्या कॉलनीत आलेली नव्हती, हे इथे सांगून ठेवते. आधी ती बायपासवर गाडा लावायची. मोकळ्या जागेत तेव्हा बाभळी होत्या, डुकरं होती आणि रात्री कुणीही येऊन ट्रॉलीभर कचरा टाकून जायचं. राखण करायला माणूस ठेवायची ऐपत आणि दानत दोन्ही नसल्यामुळे अध्यक्षच तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "मावशी, आमच्याकडे बसा, तुमचाही धंदा होईल आणि जागेवर नजर राहील." ती आली. कचरा टाकणारे बंद झाले. बागेच्या गेटची किल्ली तिच्या कमरेला आली. कप विसळलेलं पाणी ती बादलीत साठवायची आणि संध्याकाळी रोपांना घालायची. टँकर कुठल्या गल्लीत आधी लावायचा, कुणाचं कुरिअर कुणाकडे ठेवायचं, कुठली आजी सकाळपासून दिसली नाही म्हणून कुणाची कडी वाजवायची, हे सगळं ती बसल्या जागेवरून करायची. आणि समितीच्या बैठका? त्याही तिच्याच टपरीवर. कुणाच्या घरी बैठक घ्यायची म्हटलं की त्या घरच्या बाईचं डोकं दुखायला लागायचं. माझं तर हमखास.

तिची लेक नर्सिंगला होती. बारीक चणीची, चष्मा लावलेली मुलगी, शेवटच्या वर्षाला. मावशीचं सगळं आयुष्य त्या परीक्षेला टांगलेलं होतं. "बाई, एकदा का तिची ती परीक्षा झाली, का मी मोकळी," असं ती येता जाता म्हणायची. "मंग मी च्या करीन तर फकस्त माझ्यापुरता."

तर असं सगळं असताना अध्यक्ष पुण्याला मुलाकडे राहून आले.

पुण्याला जाऊन आलेल्या माणसाला आठवडाभर आपलं घर परकं वाटतं, हे मी समजू शकते. पण अध्यक्षांना अख्खी कॉलनी परकी वाटायला लागली. मुलाच्या सोसायटीत म्हणे गेटच्या आत कुत्रंसुद्धा विचारून भुंकतं. तिथे गेटावर कारंजं आहे. तिथे माणसं 'क्वालिटी ऑफ लाइफ' जगतात. हे तीन शब्द अध्यक्षांनी पुण्याहून आणले आणि आल्या दिवसापासून सगळ्यांना प्रसादासारखे वाटत सुटले. प्राध्यापकांनी त्याचं 'जीवनमान उंचावणे' असं भाषांतर केलं. त्यातच शहरातल्या कुठल्याशा क्लबाने सुंदर वसाहतीची स्पर्धा जाहीर केली. झालं, आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलं.

ती बैठक मला लख्ख आठवते, कारण मी तिथेच होते. संध्याकाळची वेळ. मंडळी फिरून आलेली, पायात पोरांनी पाठवलेले भारीतले बूट, कपाळावर घाम. टपरीसमोरच्या दोन बाकांवर सगळे बसले. मावशीने न विचारता चहा टाकला. प्रत्येकाचा तिला पाठ होता, अध्यक्षांचा कमी साखरेचा, प्राध्यापकांचा बिनसाखरेचा, पण सोबत दोन क्रीमची बिस्किटं. आमच्या ह्यांना आलं जास्त. मी आत डब्यावर बसले होते. मी दिसत होते सगळ्यांना, पण बायको म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, त्याच्याकडे सणासुदीलाच बघायचं असतं.

कप हातात आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "परीक्षक येतील तर पहिली नजर गेटावर जाणार. आणि गेटावर काय आहे? पत्रे."

सगळ्यांनी पत्र्यांकडे पाहिलं. ते पत्रे मावशीच्या डोक्यावर होते. मावशी खाली गाळणं झटकत होती.

"तिथे एक सेल्फी पॉइंट होऊ शकतो," एक जण म्हणाला.

"कृत्रिम गवत लावू," दुसरा म्हणाला. मागे जिवंत निंब उभा होता, त्याला टेकूनच हा बसला होता.

मग आमच्या ह्यांनी ठराव वाचला. यांचा आवाज तसा चांगला आहे. 'उद्यानाच्या प्रवेशद्वारालगतचे अतिक्रमण सन्मानपूर्वक स्थलांतरित करण्यात यावे.' सन्मानपूर्वक हा शब्द प्राध्यापकांनी सुचवला होता. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. कुणी मावशीकडे बघितलं नाही. लाजेने नव्हे, लाज असती तर मी एवढं लिहायला बसलेच नसते. त्यांना खरंच असं वाटत होतं की अतिक्रमण ही एक गोष्ट आहे आणि मावशी ही वेगळी गोष्ट आहे. आणि आपण एवढ्या जड मराठीत बोललो म्हणजे चहावाल्या बाईला ते कळायचं कारण नाही.

ठराव झाल्यावर अध्यक्षांनी रिकामा कप पुढे केला आणि म्हणाले, "मावशी, अजून एक राउंड होऊ द्या. आज लई भारी झालाय."

तिने दिला. सगळ्यांना दिला, ज्याचा त्याला जसा पाहिजे तसा. मग प्राध्यापक उठले आणि आभार मानले. अध्यक्षांचे, सूचकाचे, अनुमोदकाचे. आणि शेवटी, "चहाची उत्तम व्यवस्था केल्याबद्दल आपल्या मावशींचेही आभार." टाळ्या वाजल्या. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले, पण वासे मोजून झाल्यावर यजमानिणीसाठी टाळ्या वाजवणारे तेवढेच.

मंडळी गेली. मावशी कप गोळा करत होती.

"बाई," ती म्हणाली, "अतिक्रमण म्हंजी मीच की."

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मला वाटलंच. पत्र्याकडं बगून बोलाय लागले तवाच." तिने बादलीत कप बुडवले. "बाई, एवढं सांगा त्यांना. पोरीची परीक्षा व्हईस्तोर राहू द्या म्हणावं. मंग मी स्वताच जाते. गाडा लावायला दुसरी जागा धुंडायची तर चार-दोन महिने तरी धंद्याबिगर बसावं लागतंय. ह्या वक्ताला तिचं कालेज तुटलं तर पुन्यांदा जोडत नाय."

त्या संध्याकाळी मी ह्यांना जेवायला वाढलं नाही. वाढून घ्या म्हटलं, पुण्यात म्हणे सगळे स्वतःच वाढून घेतात. हे म्हणाले, "अगं, सन्मानपूर्वक लिहिलंय ना!" जणू कुत्र्याला सन्मानपूर्वक हाड म्हटलं की ते शेपूट हलवत जातं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांनी मला कोचावर बसवलं, नारळपाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमची भावना पोचली. पण ठराव झालाय. ठराव बदलायचा तर बैठकीतच बदलावा लागेल. आपण पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

"पुढची बैठक कधी?"

"टपरी निघाली की घेऊ."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात विनोदाचा लवलेशही नव्हता. या माणसाने सरकारी पूल बांधले होते आणि त्यावरून आपण सगळे गाड्या नेत होतो, हा विचार करून मला घाम फुटला.

मग सत्कार ठरला. सन्मानपूर्वक लिहिलं होतं ना! आपल्या लोकांना कुणाचं वाटोळं करायचं असलं की आधी त्याला नारळ देतात. साडी आणायला आमचे हे औरंगपुऱ्यात गेले, तिथून मला फोन केला, "अगं, रंग कुठला घेऊ?" मी म्हटलं, काळा घ्या. यांनी मोरपंखी घेतला.

रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. मांडव, भाड्याच्या खुर्च्या, माईकवाल्याचं 'हॅलो चेक'. मावशीला पुढच्या रांगेत लाल खुर्चीवर बसवलं. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती, बाजूला लेक. लेकीने जाऊ नको म्हणून आईला खूप सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मावशी म्हणाली होती, "बोलावलंय तर जावं. नाय गेलं तर म्हणतील, बाईला माणूस कळत नाय."

समितीवाल्यांच्या बायकांची एक महिला आघाडी होती, तिने हळदी-कुंकवाचं ताट फिरवलं. पहिल्या खुर्चीपासून निघालं, एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत मावशीपर्यंत आलं, आणि तिथे अध्यक्षांच्या बाईसाहेब क्षणभर घुटमळल्या. मग ताट मावशीवरून पुढच्या खुर्चीकडे गेलं. जिचा सत्कार, तिच्याच कपाळावरून ताट गेलं, का तर ती विधवा. एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी माझ्या कपाळाचं कुंकू पदराने पुसून टाकलं आणि ताटाकडे पाठ करून बसले. शेजारची म्हणाली, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, उकडतंय.

भाषणं सुरू झाली. प्राध्यापक कष्टकरी स्त्रीच्या महतीवर बोलत होते. मागे दोन मजूर टपरीचे पत्रे सोडवत होते, कारण टेम्पोवाल्याला दुपारी दुसरं भाडं होतं. प्रत्येक चांगल्या वाक्यानंतर एक पत्रा खाली आदळायचा. मला वाटलं, निदान आता तरी हा माणूस थांबेल. तो थांबला नाही, माईक जवळ घेतला.

अध्यक्षांनी साडी दिली, नारळ दिला, फोटो झाला. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाहुण्यांना चहा सांगायचा राहिला. राहिला म्हणजे काय, चहा मावशीचाच असतो हे इतकं अंगवळणी पडलेलं की तो कुणी सांगितलाच नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष खाली वाकले आणि प्रेमाने म्हणाले, "मावशी, आज शेवटचा, तुमच्या हातचा होऊन जाऊ द्या."

मी उठले. "नाही करणार ती," मी मोठ्याने म्हटलं. माईक चालू होता, ते सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं. आमचे हे आपले बूट बघायला लागले.

पण मावशी उठलीच होती. "राहू द्या बाई," ती हळूच म्हणाली. "आल्या माणसाला च्या नाय म्हणू नये." तिने साडी लेकीच्या हातात दिली, नारळ शेगडीच्या कडेला ठेवला आणि डोक्यावर पत्रा नसलेल्या टपरीत उभं राहून सगळ्यांना चहा केला. लेक कप वाटत होती. अध्यक्षांनी तिला विचारलं, "काय शिकतेस बाळ?" ती म्हणाली, "शिकत होते." अध्यक्ष म्हणाले, "छान छान."

टेम्पो गेला. निंबाखाली कृत्रिम गवत आलं, त्यावर पत्र्याचा मोठा लाल बदाम आला. सकाळी फिरणारे त्याच्यासमोर उभं राहून पोट आत घेऊन फोटो काढायचे.

परीक्षक आले ते ऐन दुपारी. आदल्या संध्याकाळी समितीने बाकांना रंग दिला होता, तो वाळला नव्हता, म्हणून सगळ्या बाकांभोवती दोरी. बिचारे उन्हात उभेच. बागेच्या गेटला कुलूप, आणि किल्ली? मावशीने ती टेम्पोत चढायच्या आधी आमच्या ह्यांच्या हातात दिली होती, ह्यांनी ती ठेवली कुठे ते ह्यांना आठवेना. परीक्षकांनी जाळीतून बाग बघितली. मावशीची बादली थांबल्याला बरेच दिवस झाले होते, त्यामुळे आत पाहायला पाट्याच जास्त होत्या. जाता जाता त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "जवळपास कुठे चहा मिळेल का?" अध्यक्षांनी तिला फाट्यावरचं हॉटेल सांगितलं. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. समितीने निषेधाचा ठराव केला.

तो ठराव आमच्या घरात झाला, तसा तो समितीचा शेवटचाच म्हणायचा. आठजण दिवाणखान्यात बसले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. हे दोनदा आत येऊन गेले, "अगं, चहा..." मी म्हटलं, पिंपात पाणी नाही. होतं, पण नव्हतं. टँकरवाल्याचीही आमच्या कॉलनीत त्रेधा उडाली होती. तो गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवत राहायचा. एकदा मलाच म्हणाला, "मौसी किदर गए बाई? अब पानी पैले किसके घर को छोडना, कौन बताते?" मी म्हटलं, समितीला विचार. तो हसला आणि नळी जवळच्याच घराला लावून मोकळा झाला. बिनचहाच्या बैठकीला पुढच्या खेपेला चौघे आले, त्याच्या पुढच्या खेपेला कुणी आलंच नाही. सेवाभाव म्हणतात तो चहावर चालतो, हे मला तेव्हा कळलं.

मावशीचा पत्ता मात्र लवकर लागला नाही. मी चार ठिकाणी चौकशी केली. आज इथून हाकललं, उद्या तिथून हाकललं, असंच कळायचं. पावसाळा उलटल्यावर एकदा रिक्षातून जाताना मला ती बायपासच्या पलीकडच्या अंगाला, टेम्पो उभे राहतात तिथे दिसली. गाडा होता, वर ताडपत्री. मी रिक्षा थांबवून उतरले. तिने मला बघून आधी स्टूल पुसलं.

"पोरगी?" मी विचारलं.

तिने आल्याचा तुकडा खलबत्त्यात टाकला. "एका दवाखान्यात लागलीय बाई. सिस्टर नाय. फरशी पुसायला, पेशंटला धरायला. परीक्षेच्या वक्ताला माझ्यापाशी जागाच नव्हती, मंग काय करती? म्हणाली, आई, तू एकली नको फिरू, मी काम बगते." ती ठेचत राहिली. "सिस्टर लोक इंजेक्शन देतात तवा बगत उभी राहती म्हणे. एक जण तिला रागावली, काय बगती म्हून."

मी पुन्हा कॉलेजाचं बघू म्हटलं. ओळखी आहेत म्हटलं, मी स्वतः जाऊन बोलते म्हटलं. ती हो म्हणाली, पण कुणाच्या समाधानासाठी म्हणावं तशी. मी गेलेही. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण मुलगीच आली नाही. तिला म्हणे आता पुस्तक उघडलं की झोप येते.

मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, माझा आवाज चढला आणि मी रडलेही. हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, लागलं असेल मनाला. दोन दिवसांनी यांनी सगळ्या मंडळींना बातमी दिली की मावशी सापडली.

सापडली! जशी काही ती हरवली होती.

त्या संध्याकाळी सगळे फिरायला म्हणून निघाले ते बायपास ओलांडून थेट तिच्या गाड्यावर. मीही गेले, कारण हे काय करतात ते मला बघायचं होतं. गाड्यासमोर स्टुलं कमी होती, काही जण ट्रकच्या टायरावर बसले. अध्यक्ष खुशीत होते, "वा मावशी, किती दिवसांनी!" मावशीने पदर खोचला आणि चहा टाकला. कमी साखरेचा, बिनसाखरेचा, आलं जास्त. काहीही विसरली नव्हती.

पहिला घोट घेऊन अध्यक्षांनी समाधानाने मिटक्या मारल्या. मग चौफेर बघितलं, सगळे जमलेले दिसले, आणि त्या माणसाचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. "आता अनायासे सगळे आहोतच, तर एक छोटासा विषय घेऊन टाकू," ते म्हणाले.

मावशीने गॅस बारीक केला.

"सायेब," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, चढा नव्हता. "च्या लागंल तेवढा प्या. पर इथं मिटिंग करू नका. मागल्या मिटिंगीत माझ्या पोरीचं कालेज गेलं."

टेम्पोवाले हसत होते, ते थांबले. अध्यक्षांनी पेन खिशात परत ठेवलं. प्राध्यापकांनी आभार मानले नाहीत. चहा मात्र एकानेही कपात सोडला नाही, तळाच्या थेंबासकट प्यायले. मग एकेक जण उठला आणि बायपास ओलांडून घरी गेला. दुसरा चहा त्या दिवशी कुणी मागितला नाही. इतक्या वर्षांच्या समाजसेवेत त्यांच्या हातून झालेली सुधारणा म्हणून मी तेवढीच दाखवू शकते.